किटली, कंगवा, किल्ली, छत्री

आमच्या धाकटीला घरात सगळे फौजदार म्हणतात. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ती जेमतेम सहा वर्षांची असेल, तेव्हा बेल वाजली की सगळ्यांच्या आधी दाराकडे धावायची आणि दार न उघडता आतून विचारायची, "कोण?" नुसत्या "मी"वर तिचं समाधान होत नसे. "मी तर कुणीही म्हणेल," असं म्हणून ती प्रश्न टाकायची, आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर फक्त त्याच माणसाला ठाऊक असावं. एकदा माझा भाऊ, म्हणजे तिचा सख्खा मामा, हातात बॅग घेऊन पायरीवर ताटकळत उभा राहिला, कारण मागच्या खेपेला आणलेला फुगा कोणत्या रंगाचा होता हे त्याला आठवत नव्हतं.

"अगं, मामा आहे मी तुझा!"

"आवाज मामासारखाच आहे," आतून गंभीर उत्तर आलं, "पण फुगा सांगा."

शेवटी मी ओले हात पुसत आले आणि कडी काढली.

तिच्या दादाला या चौकशीचा भयंकर कंटाळा. तो तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. उत्तर देत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उडी मारायचा आणि दाराशी पहारा देत उभ्या असलेल्या हिची मागून वेणी ओढायचा. ही रडून गोंधळ घालायची. आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं होतंच.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली. मी पदवीधर आहे, आयुष्यभर एका वाचनालयात काम केलं, पण तिच्या विषयातलं मला कळतं ते तिने जेवताना समजावलं तेवढंच. दादा बोलण्यात पटाईत. फरशा विकणाऱ्या एका कंपनीत तो होता आणि लोक म्हणत, हा बोलता बोलता तुमच्याच घरची फरशी तुम्हाला विकेल.

मग यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा अडखळली. घरात दोन बायका सांभाळायला ठेवल्या, एक दिवसाची, एक रात्रीची. गोळ्या दिल्या की फ्रिजवरच्या कागदावर खूण करायची असं ठरलं होतं, पण कागद भिजायचा, पेन सापडायचं नाही. एके संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी दोघींनीही दिली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या धाकटीने माझ्या जुन्या मोबाइलवर काहीतरी खुडबुड सुरू केली. आठवड्याभरात त्यातून एक साधी गोष्ट तयार झाली: गोळी दिली की बटण दाबायचं, कोणी दिली आणि केव्हा दिली ते सगळ्यांना दिसतं, आणि एकदा दिलेल्या गोळीला मोबाइल पुन्हा बटणच दाखवत नाही.

दिवसाची बाई, जिला आम्ही मावशी म्हणतो, तिने ते आणखी दोन घरांत नेलं. मग दादा म्हणाला, "तू बनव, मी विकतो." त्याने फरशा सोडल्या. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बहीणभावाचं एकत्र काम बघून माझं काळीज सुपाएवढं झालं होतं, हे मी लपवत नाही.

आता ज्यावरून सगळं झालं त्या गोष्टीकडे येते. तिला ते लॉगिन म्हणतात. मी त्याला दार म्हणते. बाई मोबाइल उघडते, तेव्हा ती तीच बाई आहे हे मोबाइलला कसं कळणार? घरं वाढली, बायका वाढल्या, तेव्हा हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आणि उठायचं नावच घेईना.

दादाचं म्हणणं सरळ होतं. "फौजदार, दार आपण बनवायचं नसतं. तयार आणायचं. जगातली मोठमोठी माणसं दिवसरात्र दारंच बनवतात. चोर कुठून येतात, कसे येतात, सगळं त्यांना पाठ असतं. तू एकटी. तुला ताप आला तर दार कोण बघणार?"

"तुझ्या त्या मोठमोठ्या माणसांनी आपल्या बायका पाहिल्यात का कधी?" ती म्हणाली. "मोबाइलवर कोड येणार. मावशींचा मोबाइल असतो कोणाकडे? जावयाकडे."

आतल्या खोलीतून मावशी ओरडल्या, "जावयाचं नाव काढू नका हो जेवताना! चार्जरसुद्धा नेला मेल्याने!"

"बोटाचा ठसा घे मग," दादा म्हणाला.

"आमच्या बोटांवरच्या रेघा साबणात गेल्या," मावशींचा आवाज पुन्हा आला. "रेशीमगाठी जुळवणारा गुरुजी पण हात बघून म्हणाला, बाई, इथं काहीच लिहिलेलं नाही."

यांनासुद्धा हसू आलं, तोंडाच्या एका कोपऱ्यातून.

आणि पासवर्ड? पासवर्ड बायका मोबाइलच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवत. हे धाकटीने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिने स्वतःचं दार बनवलं. सोळा चित्रं तिने हाताने काढली. किटली, कंगवा, किल्ली, छत्री, बादली, कात्री, चमचा, घड्याळ, अशी घरातली. प्रत्येक बाईने आपली चार निवडायची आणि उघडताना आपल्या नावावर त्याच क्रमाने दाबायची. पाच वेळा चुकलं की दार बंद. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही जमेल असं. कंगव्याचे दात लहानशा मोबाइलवर नीट दिसावेत म्हणून तिने तो कंगवा किती वेळा काढला असेल! यांच्या डाव्या हाताला जमतं का ते बघायला पहिला प्रयोग त्यांच्यावरच झाला. त्यांनी चार चित्रं दाबली, दार उघडलं आणि त्यांनी डाव्या हाताने सलाम ठोकला. फौजदाराला.

दादाने वाद सोडला. निदान मला तसं वाटलं. "कर बाई तुझ्या मनासारखं," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

एक गोष्ट तिने मला फार अभिमानाने सांगितली होती. बायकांनी निवडलेली चित्रं तिने अशी काही गुंतवून ठेवली होती की ती कुणालाच वाचता येऊ नयेत, तिला स्वतःलासुद्धा. "बनवणाऱ्यालाही दिसायला नको, आई. तेच खरं कुलूप." मी म्हटलं, वा.

त्याच प्रामाणिकपणात तिची चूक लपून राहिली.

बायकांना शिकवायला ती स्वतः जायची. भिंतीवर मोठं करून दाखवायची: "ही बघा किटली. मग कंगवा. मग किल्ली. मग छत्री. उघडलं? हे नुसतं उदाहरण आहे हं. आता तुम्ही तुमची चार निवडा." बायका माना डोलवायच्या. आणि घरी जाऊन किटली, कंगवा, किल्ली, छत्री हेच ठेवायच्या. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा. तिने शिकवलेल्या प्रत्येक खोलीत हेच झालं, आणि तिला ते दिसणं शक्य नव्हतं, कारण न दिसण्याचा बंदोबस्त तिनेच केला होता.

गेल्या उन्हाळ्यात मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. बदली एक नवी मुलगी आली. एका संध्याकाळी मी यांची गोळी द्यायला गेले, तर मोबाइल सांगतो, गोळी दिलेली आहे, मावशींनी. मावशी तर लेकीकडे! मला वाटलं, मोबाइल बिघडला. मी गोळी पाण्यासोबत यांच्या ओठांशी नेली. यांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली. पुन्हा नेली, पुन्हा मान. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गोळी खरंच दिलेली आहे. धाकटी शिकवायला दुसऱ्या गावी गेलेली होती, म्हणून मी दादाला फोन केला.

"नेटवर्कची गडबड असेल," तो म्हणाला. "तू घाबरू नकोस. फौजदारला सांगू नकोस उगीच, ती तिकडे कामात आहे. मी बघतो."

दादा बघतो म्हणाला की मी निर्धास्त. कायम अशीच होते मी.

थंडी सुरू झाल्यावर मोठं काम चालून आलं. एक संस्था होती, घरोघरी सांभाळणाऱ्या बायका पाठवणारी, शेकडो बायका असलेली. तिच्या संचालकबाई कडक. त्यांनी एकच अट सांगितली होती: दार पक्कं असेल तरच पुढे बोलू. धाकटी दोन आठवडे त्याच तयारीत होती. दार कसं बनवलंय, का बनवलंय, हे ती स्वतः त्यांना सांगणार होती. नवा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

आदल्या दिवशी दादा घरी आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, बाबांच्या हाताच्या डॉक्टरांची उद्याचीच वेळ मिळाली आहे. मला जमणार नाही. फौजदारला पाठव."

"अरे, उद्या तुमची मीटिंग ना?"

"पुढे ढकलली. मी सांगतो तिला."

तिला त्याने सांगितलं, मीटिंग दुपारनंतर आहे. मला सांगितलं, पुढे ढकलली. आणि डॉक्टरांकडे जा असं मी माझ्या तोंडाने तिला सांगितलं, कारण आईचा शब्द ती मोडत नाही, हे त्याला माहीत होतं.

ती यांना घेऊन परतली आणि शर्ट बदलून ऑफिसात पोहोचली, तेव्हा खुर्च्या मागे सरकवून माणसं उठत होती. दादाने एक बाहेरचा माणूस आणला होता, असली दारं तपासणारा. त्याने संचालकबाईंसमोर तीन बायकांची नावं घेतली आणि तिन्ही नावांवर त्याच चार चित्रांना बोट लावलं. तिन्ही दारं उघडली. मग दादा शांतपणे म्हणाला होता, "म्हणूनच आम्ही तयार दार बसवायचं ठरवलंय. त्या कंपनीशी माझं बोलणं झालेलं आहे." संचालकबाईंनी होकार दिला. काम मिळालं.

धाकटी घरी आली ती पांढरीफटक. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "चूक माझी आहे, आई. उदाहरणातलीच चार चित्रं कुणी निवडली तर दाराने नको म्हणायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट! तयार दारात ही चूक कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलेली असते आणि सुधारलेलीही असते. दादा म्हणत होता ते बरोबर होतं."

त्याच संध्याकाळी तिने ती चार चित्रं एकत्र चालणार नाहीत असं केलं आणि प्रत्येक बाईला नवीन निवडायला लावली. मग तिने दादाला फोन केला. मी शेजारीच होते. ती म्हणाली, "बरं झालं वेळेवर सापडलं. थँक्यू, दादा. मला मीटिंगची वेळ चुकीची सांगितलीस हेही बरंच केलंस. तिथे सगळ्यांसमोर मला रडू आलं असतं."

पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण त्याने ते आभार घेतले. आजवर ते त्याच्याकडेच आहेत.

नंतरचे दोन-अडीच महिने तिने मान खाली घालून काम केलं. स्वतःच्या हातांनी स्वतःचं दार उतरवायचं आणि दुसऱ्याचं बसवायचं. मला वाटलं होतं, ती रुसेल, अर्धवट करेल. छे. तयार दारांतही तऱ्हा असतात, हे तिने तेव्हा शोधून काढलं. बोटाच्या पेराएवढी एक चपटी चावी असते. ती मोबाइलला टेकवायची आणि आपला छोटा आकडा दाबायचा. मोबाइल कोणाचाही असो, जावयाचा असो, चावी बाईची. संस्थेने सगळ्यांसाठी चाव्या घेतल्या. पहिला प्रयोग याही वेळी आमच्याच घरी झाला; मावशींनी ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि म्हणाल्या, "आता मागू दे म्हणावं जावयाला!" हे दार चित्रांच्या दारापेक्षा चांगलं होतं. ती स्वतःच म्हणाली. दोघं शांतपणे बसली असती तर हेच तिला आधीही सापडलं असतं, हेही तीच म्हणाली. तेव्हा तिला फक्त एवढंच वाटत होतं की आपण हट्टी आहोत.

मग एके दुपारी मावशी यांचं अंग पुसत होत्या आणि मी चादर बदलत होते. मावशींची टकळी चालू होती.

"चावी छान आहे हो, पण किटली-कंगव्याची मजा गेली. सगळ्याजणींचं एकच होतं, तर कुणी विसरली की दुसरी सांगायची."

"तुम्ही ताईने दाखवलेलीच का ठेवलीत पण? ती म्हणाली होती ना, आपापली निवडा?"

"असं सगळ्याच म्हणतात हो! शाळेत बाईंनी फळ्यावर काढलं की आपण वहीत तेच काढायचं. वेगळं काढलं तर छडी बसायची आम्हाला." मग टॉवेल पिळत त्या सहज म्हणाल्या, "मी तर दादांना उन्हाळ्यातच सांगितलं होतं."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. "काय सांगितलं होतं?"

"अहो, मी लेकीकडून आले तेव्हा विचारायला आले होते ना ते, की माझ्या नावावर गोळी कशी दिली गेली. मी म्हटलं, त्यात काय, नव्या पोरीला तिचं दार उघडता येईना, तर तिने माझ्या नावावर किटली-कंगवा दाबलं असेल. सगळ्यांचं तेच आहे. तर म्हणाले, मावशी, ताईला सांगू नका, तिला वाईट वाटेल, मी सांगतो."

पलंगावर यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना सगळं समजतं. फक्त बोलता येत नाही.

उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत. तोवर कितीतरी घरांत कुणीही कुणाच्याही नावाने गोळी दिल्याची खूण करू शकत होतं, आणि माझा मुलगा रोज तिच्या समोरच्या टेबलाशी बसून तिच्या डब्यातलं खात होता.

मी त्याला घरी बोलावलं. धाकटी ऑफिसात असताना. तो आला, चपला काढल्या, नेहमीसारखं म्हणाला, "काय आहे खायला?"

"मावशींनी तुला उन्हाळ्यात काय सांगितलं होतं?"

त्याने पातेल्यावरचं झाकण उचललं होतं, ते हळूच परत ठेवलं. नाकारलं मात्र नाही.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं, आई? तिने एका बैठकीत दुरुस्त केलं असतं. तुला माहीत आहे ती कशी आहे. आणि मग झालं! आयुष्यभर आम्ही तिच्या हातची कुलपं लावून बसलो असतो. आज हे भोक बुजव, उद्या ते. मला ते दार काढायचं होतं. आणि ते काढायलाच हवं होतं. आता तीही तेच म्हणते की नाही?"

"दार काढायला नको होतं असं म्हणतंय कोण? भोक दिसल्यावर तू बोट दाखवायचंस. तू वाट बघत बसलास."

"कुणाचं काही वाईट झालं का?"

"तुझ्या बापाच्या ओठांशी मी दुसरी गोळी नेली होती. दोन वेळा."

तो खिडकीकडे बघू लागला. यांच्या आजारपणानंतर आम्ही तिला गज बसवले आहेत.

"आणि मला पुढे केलंस," मी म्हटलं. "डॉक्टरांच्या नावाखाली. माझ्या तोंडाने तिला तिथून बाहेर काढलंस. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. आणि तो केससुद्धा माझ्याच डोक्यावरचा घेतलास."

"आई, नाटक नको. तिला सांगू नकोस, एवढंच म्हणतो. तीसजणांचं पोट आहे आता त्या ऑफिसावर. ती गेली तर बसेल ते. तू आई आहेस, तू घर सांभाळ."

किती दिवस मी हे पोटात ठेवलं ते विचारू नका. रोज ती जेवायला बसायची आणि दादाने हे केलं, दादाने ते केलं, असं सांगायची. सांगितलं तर बहीणभाऊ तुटतात. नाही सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःला बावळट समजणार आणि त्याला शहाणा. आणि ज्याने तिला तोंडघशी पाडलं त्याचेच आभार मानत राहणार. शेवटी मला हे दुसरं सहन होईना. घर सांभाळायचं म्हणजे घरातल्या एकीला अंधारात ठेवायचं, असं असेल तर ते मला जमत नाही.

मी तिच्या ऑफिसात गेले. ती चाव्यांच्या डब्यावर नावं चिकटवत होती. मी सगळं सांगितलं. तिने मध्येच एकदाही थांबवलं नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मी थँक्यू म्हटलं तेव्हा तो काय म्हणाला होता माहीत आहे? म्हणाला, अगं, भाऊ कशाला असतो."

मग ती पुन्हा नावं चिकटवायला लागली. मी म्हटलं, "घरी चल."

"आठवड्यावर आलंय, आई. अर्धवट कसं टाकू? बायका बाहेर राहतील."

तिने ते पुरं केलं. जुनं दार बंद झालं, नवं सुरू झालं, एकही बाई अडकली नाही. फक्त एक गोष्ट तिने केली. जुन्या व्यवस्थेत या दोघांना कोणत्याही घरात शिरायची मुभा होती, कुणाला अडचण आली तर मदत करता यावी म्हणून. नव्या दारात तिने स्वतःची ती मुभा काढली आणि त्याचीही काढली. ती संस्थेतल्या दोन माणसांकडे सोपवली, संचालकबाईंना विचारून, सगळं रीतसर.

दादा तणतणत तिच्या टेबलाशी आला म्हणे. "माझं चालत नाहीये."

"चालतंय," ती म्हणाली. "तुझ्यापुरतं चालतंय. इतरांसारखं."

"मी मालक आहे इथला!"

"हो ना. पण खिडकी बुजवली आहे."

त्याच दिवशी तिने स्वतःची चावी त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आली. तेव्हापासून ती घरीच आहे. नोकरीसाठी दोन-तीन ठिकाणी बोलते आहे. जेवते, पण ताटाकडे न बघता. तिची सोळा चित्रं तिने छापून यांच्या खोलीत लावली होती, ती अजून तिथेच आहेत. काढू का, असं विचारायचं धाडस मला होत नाही.

आज संध्याकाळी बेल वाजली. मी स्वयंपाकघरात होते, धाकटी यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. ती उठली, दाराशी गेली, पण कडीला हात लावला नाही.

"कोण?"

"मी."

कितीतरी वर्षांनी मी तो सवाल-जवाब ऐकत होते. मला वाटलं, आता ती हसेल आणि उघडेल. माझं वेडं मन.

"मी तर कुणीही म्हणेल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट फार खाली होता. "एक विचारते. मावशींनी सांगितलं त्या दिवसापासून मीटिंगपर्यंत तू रोज माझ्यासमोर बसत होतास. एकदा तरी मला सांगावंसं वाटलं का?"

मग तो म्हणाला, "फौजदार, उघड गं. बाबांसाठी आलोय. आपण बसून बोलू."

"हे उत्तर नाही."

"तू आता लहान आहेस का?"

"हेही नाही."

आतून यांचा आवाज आला, "उ... उघ..." त्यांना उघड म्हणायचं होतं की उघडू नको, हे मला अजूनही सांगता येत नाही. दादा बाहेरून म्हणाला, "आई, तू तरी उघड."

धाकटी बाजूला झाली. "उघड, आई. तुझं घर आहे. मी अडवत नाही."

मी हात पुसत आले. पूर्वी मामासाठी आले होते तशीच. पण या वेळी दारापर्यंतचं अंतर मला कापवेना. मी कडीला हात लावला आणि थांबले. मलाही ते उत्तर हवं होतं. माझाही तो मुलगा आहे, मलाही त्याने फसवलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे, काहीतरी खरं बोल.

मग मी कडी काढली. पायरीवर कुणी नव्हतं. फाटक उघडं टाकून तो गेला होता. मी जाऊन फाटक लावलं आणि परत आले.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला."

"उत्तर न देता?"

"हो."

ती तिथेच दाराला टेकून खाली बसली, लहानपणी बसायची तशी, गुडघे पोटाशी घेऊन. मग म्हणाली, "नाही वाटलं, असं म्हणाला असता तरी मी उघडलं असतं, आई. निदान बाहेर तोच आहे हे तरी कळलं असतं."

आता तिच्या दाराखालचा उजेड गेला आहे. झोपली असेल किंवा नसेल. मी पुढच्या दाराची कडी दोन वेळा बघून आले. लागलेली आहे.